पायाने तुडवलेला पाव

माझ्या आजीने आयुष्यात कधी पाव खाल्ला नाही. वेंगुर्ल्याच्या घरासमोरून रोज सकाळी पाववाला सायकलवरून जायचा. हँडलला रबरी भोंगा, मागे निळ्या प्लास्टिकने झाकलेली टोपली. भोंग्याचा 'पोंक पोंक' ऐकला की मे महिन्याच्या सुट्टीला आलेली आम्ही सगळी पोरं अंथरुणातून थेट फाटकाकडे. मागून पडवीतून आजीचा आवाज यायचाच, "तो पायान तुडवलेलो पाव घरात हाडू नकात रे!"

म्हणून आम्ही पाव पायरीवर बसून खायचो, उंबऱ्याच्या बाहेर. चहा मात्र आतून मिळायचा. ही तडजोड बहुधा आजोबांनी घडवून आणली असावी. तेही 'पोरांवर लक्ष ठेवायला' म्हणून आमच्याबरोबर पायरीवर येऊन बसत आणि दोन उंडे खाऊन उठत.

पाव या शब्दाची आजीची व्युत्पत्ती सरळ होती : पावलांनी मळतात, म्हणून पाव. कोकणातच काय, घाटावरच्या कितीतरी घरांतही हीच व्युत्पत्ती चालायची. शब्द मुळात पोर्तुगीजांचा, त्यांच्या 'पाँव'चा, हे मला कॉलेजात कळलं. मी ते मोठ्या ऐटीत आजीला सांगितलं, तर ती म्हणाली, मग तर नकोच. तिच्या डोक्यात ती विहिरीची गोष्ट पक्की होती. पाद्र्यांनी रात्री गावाच्या विहिरीत पाव टाकला, सकाळी लोक नकळत ते पाणी प्याले आणि अख्खं गाव बाटलं. गोव्यात, वसईत, कोकणपट्टीत ही गोष्ट घरोघर सांगतात. त्यात पाव टाकणाऱ्यापेक्षा, पाणी प्यालेल्या शेजाऱ्याला घरात न घेणारे लोक मला जास्त भयंकर वाटतात. पण हे आजीशी बोलायचं धाडस कधी झालं नाही. तिच्या परसातला काजू, उपासाला चालणारा बटाटा आणि रोजच्या कालवणातली मिरची हेही त्याच पोर्तुगीजांच्या मार्फत आलेले. बटाट्याने मात्र कोणी बाटलं नाही.

एक अपवाद होता. ताप आला की डॉक्टर सांगायचे, दूध-पाव द्या. मग तोच पाव उंबरा ओलांडून थेट आतल्या खोलीत यायचा आणि आजी स्वतः तो दुधात कुस्करून भरवायची. औषधाला बाट नसतो.

हे सगळं मला आठवलं ते २०२० च्या मे महिन्यात, पुण्यातल्या स्वयंपाकघरात, समोरच्या वाडग्यातून एक आंबूस लगदा ओट्यावर उतू जात असताना.

त्या दिवसांत सगळं जग घरी ब्रेड करत होतं, तशी मीही. कोपऱ्यावरची बेकरी बंद, किराणा दुकानात यीस्ट मिळेना, म्हणून आपली आपण आंबवणी तयार करायची ठरवली. एक परदेशी पुस्तक होतं, वजनकाटा होता, आणि वेळ तर भरपूर होता. गव्हाचं पीठ आणि पाणी समान वजनाने बरणीत घ्यायचं, रोज थोडं काढून टाकायचं, थोडं नवं घालायचं. दुसऱ्याच दिवशी पिठाने अशी उसळी घेतली की मी फोटो काढून भावाला पाठवला. तिसऱ्या दिवशी सगळं शांत. वर करडं पाणी, खाली मढं. पुष्कळ लोक इथेच बरणी विसळून टाकतात. खरं तर ती पहिली उसळी यीस्टची नसतेच. पिठात आधीपासून असलेले भलतेच जिवाणू गडबड करून घेतात. मग आंबटपणा वाढला की ते मरतात, आणि त्या आंबटपणात टिकणारे यीस्ट आणि लॅक्टिक जिवाणू हळूहळू घर मांडतात. हे सगळे गव्हाच्या सालीवर असतातच, त्यामुळे गिरणीच्या कणकेने बरणी लवकर लागते, मैद्याने रखडते. माझी सातव्या दिवशी लागली. झाकण उघडलं तर वास थेट पिकलेल्या केळ्याचा.

परदेशात या बरणीला नाव ठेवायची पद्धत आहे म्हणे. मला ते जमलं नाही. विरजणाला कोणी नाव ठेवतं का?

तर पहिला ब्रेड. पुस्तकात लिहिलं होतं, शंभर ग्रॅम पिठाला वीस ग्रॅम आंबवणी, आणि खोलीच्या तापमानाला सहा ते आठ तास. मी गजर लावला. सहा तासांनी वाडग्यात गोळा नव्हताच, घावनाचं पीठ होतं. चिकट, चकचकीत, नाकाला झोंबणारं. तरी हट्टाने ओव्हनमध्ये घातलं. जे बाहेर आलं त्याला माझ्या मुलाने 'जोतं' म्हटलं. त्याला जोतं म्हणजे नेमकं काय हे माहीत होतं याचाच मला त्यातल्या त्यात आनंद. उरलेल्या लगद्यात कांदा-मिरची घालून धिरडी केली. ती उत्तम झाली.

चार वेळा असंच झाल्यावर पुस्तक पुन्हा उघडलं, आणि पहिल्या प्रकरणात, कोणाच्या लक्षातही येऊ नये अशा जागी, ते वाक्य सापडलं : खोलीचं तापमान म्हणजे २१ अंश. पुण्यात मे महिन्यात २१ अंश! माझ्या ओट्यावर त्या दुपारी ३४ होते. आंबण्याचा वेग दर आठ-दहा अंशांमागे साधारण दुप्पट होतो. म्हणजे पुस्तकाचे आठ तास माझ्याकडे तीनातच संपत होते आणि उरलेला वेळ मी पिठाचं सुतक पाळत बसले होते. शिवाय यीस्टला सत्तावीस-अठ्ठावीस अंश मानवतात, तर आंबट करणाऱ्या जिवाणूंची भरभराट बत्तिसाच्या आसपास. म्हणून आपल्याकडे उन्हाळ्यात पीठ फुगण्याआधी आंबतं, आणि आंबलं की त्याची लवचीक जाळी विरघळते.

पुढे लक्षात आलं की सगळ्याच पुस्तकांत ही थंडी भरलेली आहे. न मळता करायच्या ब्रेडची न्यूयॉर्कच्या जिम लेहींची कृती २००६ च्या नोव्हेंबरात तिथल्या टाइम्समध्ये आली आणि जगभर गाजली. पाव चमचा यीस्ट, भरपूर पाणी, आणि बारा ते अठरा तास झाकून ठेवायचं. तापमान? पुन्हा एकवीसच्या आसपास. नोव्हेंबरातल्या न्यूयॉर्कची ती कृती वैशाखात शब्दशः केली तर अठरा तासांनी ताडीचा गुत्ता उघडता येईल. एरवी ती खरोखर छान आहे. मी ती सहा तासांत करते, यीस्ट चिमूटभर, पाणी माठातलं. बिडाच्या जाड भांड्यात, झाकण लावून, पहिली वीस मिनिटं. झाकणाखाली वाफ कोंडते, वरची साल लवकर घट्ट होत नाही, आणि ब्रेडला फुगायला अवकाश मिळतो. मग झाकण काढून साल खरपूस करायची.

पण उन्हाळ्यात आंबवणी किती घालायची, याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. ते आजीकडे होतं. तिचं विरजण मला लख्ख आठवतं : चिनीमातीचा पांढरा सट, वर ताटली, ताटलीवर पोळपाट. आई लग्न होऊन पुण्याला आली तेव्हा आजीने तिला सांगितलं होतं, "गरमेत थेंब, पावसात चमचो." आणि पुण्याच्या थंडीसाठी पुरवणी : सट पिठाच्या डब्यात पुरून ठेव. कुठे आंबवणीची टक्केवारी काढत बसलेली मी, आणि कुठे हा एका ओळीचा तक्ता! मी वीस ग्रॅमवरून पाचावर आले, पाणी फ्रिजमधलं घेतलं, मीठ पिठाच्या दोन टक्के मोजून आधीच घातलं, कारण मिठाने आंबणं मंदावतं. आणि गजर काढून टाकला. घड्याळ बघायचं नाही, वाडग्याची कड बघायची. गोळा दीडपट झाला, कडेला बुडबुडे दिसायला लागले, हलवल्यावर थरथरला, की रात्रभर फ्रिजमध्ये. आंबोळीचं पीठ 'आलं' की नाही हे आजी झाकण न काढता वासावरून सांगायची. मला अजून झाकण काढावं लागतं.

तिच्या वड्यांच्या पिठाची तर वेगळीच तऱ्हा. मळलेल्या गोळ्याच्या मधोमध खळगा करून त्यात कांदा आणि चुलीतला निखारा ठेवायची, वर तेलाचा थेंब, आणि पटकन झाकण. लहानपणी मला तो मंत्र वाटायचा. आता वाटतं, ऊब देण्याची ती तिची युक्ती होती. पावाला हात न लावणारी ही बाई आंबवण्याची सगळी विद्या बाळगून होती, फक्त भट्टी तेवढी तिच्याकडे नव्हती.

पिठाचं प्रकरण याहून अवघड. पुस्तकातलं ब्रेडचं पीठ बारा-तेरा टक्के प्रथिनांचं. आपल्या मैद्याच्या पुडीवर दहा-साडेदहा लिहिलेलं असतं. गिरणीच्या कणकेत प्रथिनं कमी नसतात, पण जात्याच्या दगडांत गव्हाचा स्टार्च जास्त चिरडला जातो, म्हणून ती पाणी खूप पिते. पोळीसाठी तेच हवं असतं, पोळी मऊ राहते. पण शिवाय कोंड्याचे बारीक कण ग्लुटेनचे, म्हणजे पिठातल्या त्या लवचीक जाळीचे, तंतू कापत राहतात. म्हणून नुसत्या कणकेचा ब्रेड करायचा तर पाणी पिठाच्या ऐंशी टक्के लागतं, आणि मळण्याआधी अर्धा-पाऊण तास कणीक नुसती भिजवून ठेवावी लागते. आमच्या गिरणीवाल्याने विचारलं, "पोळीला का पुऱ्यांना?" मी म्हटलं, "पावाला." त्याने माझ्याकडे, मग डब्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता गहू ओतले.

लोकवनचा ब्रेड बरा होतो. शेवया-रव्याच्या बन्सी गव्हाचा पिवळसर, जरा गोडसर होतो. तो मला फार आवडतो, घरात दुसऱ्या कोणाला आवडत नाही. खपलीची हौस मात्र महागात पडली. सांगलीकडच्या एका मैत्रिणीने दोन किलो पाठवली होती. खिरीला अमृत असलेला हा गहू, पण त्याच्या ग्लुटेनला ताण सोसत नाही. गोळा ताणला की लोकरीसारखा तुटतो. शेवटी एक तृतीयांश खपली आणि बाकी मैदा यावर समेट झाला. ज्वारी-बाजरीच्या फंदात पडले नाही. त्यांच्यात ग्लुटेन मुळीच नाही, आणि त्यांची भाकरी इतकी चांगली होते की त्यांना पाव व्हायला लावणं हा अपमान आहे.

चांगलं मळलेलं पीठ ओळखायची एक खूण सांगते, कारण ती वाचून कळत नाही, एकदा बघावी लागते. लिंबाएवढा गोळा घ्यायचा, बोटांना पाणी लावायचं आणि चारी बाजूंनी हळूहळू ताणत न्यायचा. आधी जाड, मग दुधी काचेसारखा, आणि शेवटी इतका पातळ की पलीकडे ट्यूबलाइटची कांडी दिसते आणि त्या पडद्यावर पिठाच्या शिरा उमटतात. फाटला तर भोक कसं पडतं ते पाहायचं. कडा करवतीसारख्या असतील तर अजून मळा. गोल, गुळगुळीत भोक पडलं तर थांबा. पुरणपोळीची कणीक तेल-पाणी लावून तिंबणाऱ्या कोणालाही हे हाताने समजेल. त्या कणकेच्या गोळ्याला आपण उंडा म्हणतो आणि गोव्यात, आमच्या वेंगुर्ल्यात पाववाल्याच्या टोपलीतल्या गोल, कडक सालीच्या पावाला उंडो. हे लक्षात यायला मला पंचेचाळीस वर्षं लागली.

लादीपाव घरी करायचा असेल तर त्यातली मेख उकडीत आहे. पूर्व आशियात मऊ दुधी ब्रेडसाठी तांगझाँग नावाची एक पद्धत वापरतात. एक भाग पीठ, पाच भाग पाणी किंवा दूध, मंद आचेवर ढवळत ६५ अंशांपर्यंत न्यायचं. स्टार्च फुलतो, पाणी धरून ठेवतो, आणि पाव दोन-तीन दिवस मऊ राहतो. समाजमाध्यमांवर याचं केवढं कौतुक! मोदकाची उकड काढणाऱ्या बाईला यात नवीन काय? माप तेवढं सैल. मी ही उकड थंड करून पिठात मिसळते, केकच्या चौकोनी डब्यात गोळे शेजारी शेजारी बसवते, फुगून एकमेकांना चिकटले की भाजते. घडी उलगडावी तशी लादी सुटते. आणि तरी कबूल करते, वडापावाला बेकरीचाच पाव हवा. माझा पाव चटणी आणि गरम वडा यांच्यापुढे शरण जातो, फार लाडावलेला असतो.

कारखान्याच्या ब्रेडवर मात्र माझा राग आहे, थोडासा. १९६१ मध्ये इंग्लंडातल्या चॉर्लीवूडच्या संशोधन केंद्रात अतिवेगाने पीठ घुसळून साडेतीन तासांत ब्रेड तयार करायची रीत निघाली, आणि मोठ्या कारखान्यांनी ती उचलली. ब्रेडमधून वेळ गेला आणि त्याच्याबरोबर चव गेली. मग वरून सुधारक द्रव्यं. त्यांतल्या पोटॅशियम ब्रोमेटवर आपल्याकडे २०१६ मध्ये बंदी आली. बॅगेट, फोकाच्चा, क्रॉसाँ वगैरे सगळं करून झालं. क्रॉसाँ एकदाच. लोणी वितळायच्या आत घड्या घालायला आपल्याकडे जानेवारीतली पहाटच लागते.

जीव अडकला तो पोईत. पोई म्हणजे गव्हाच्या कोंड्यात घोळवलेली, आतून पोकळ, जरा चामट अशी गोव्याची भाकरी म्हणा. म्हापशाच्या मावशीकडे राहायला गेले की शेजारच्या पोदेराच्या भट्टीवर मला पाठवायचे. पोदेर म्हणजे पाव करणारा, हाही पोर्तुगीज शब्द. तिथे मी पहिल्यांदा पाव मळताना पाहिला. लांबलचक लाकडी डोणीत दोन माणसं कोपरापर्यंत हात घालून पीठ उचलून आपटत होती. मी पाय शोधत होते. पाय जमिनीवर, चपलांत होते. एका बाजूला कात्रीने कापे दिलेले कातरे पाव, बांगडीसारखी कांकणं, आणि लांब दांड्याचं फावडं भट्टीच्या तोंडातून आतबाहेर करणारा तिसरा. घरी येऊन आजीला सांगितलं. ती म्हणाली, "तुका बघून हात लावले असतीत."

जुन्या पोदेरांकडे पीठ माडाच्या सुरेने, म्हणजे ताडीसारख्या आंबलेल्या रसाने, आंबायचं. तशी पोई करायची म्हणून मी पुण्यात सूर शोधली. मिळाली नाही, पण नीरा मिळते. सकाळी केंद्रावरून एक बाटली आणली आणि झाकण सैल करून दुपारभर ओट्यावर ठेवली. चार वाजता बाटलीच्या गळ्याशी फेस आला, आणि जो वास सुटला त्याने मला थेट वेंगुर्ल्याच्या माडांखाली नेऊन उभं केलं. उत्पादन शुल्कवाल्यांनी त्या क्षणी बेल वाजवली असती तर पाव करतेय यावर त्यांचा विश्वास बसला नसता. त्या नीरेत कणीक आणि मैदा निम्मा-निम्मा भिजवला, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी गोळे कोंड्यात दाबले, ओव्हन अडीचशेवर, आत बिडाचा तवा उलटा. काचेतून बघत बसले. दीड मिनिट काही नाही. मग एका कडेला फोड आला, सरकत मध्ये गेला, आणि फुलका फुगावा तशी पोई टम्म. मी एकटीच ओरडले.

धुराचा वास मात्र घरी येत नाही. मुंबईत तर २०२५ च्या जानेवारीत उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. हवेचा प्रश्न खरा आहे, आणि कडक ब्रून पावाच्या तळाला लागणारी ती खरपूस चवही खरी होती.

आई आता ब्याऐंशीची आहे. त्या सकाळी ती चहाचा कप घेऊन टेबलाशी बसली होती. पोई मोडल्यावर आतून वाफ आली, कोंडा तिच्या पदरावर सांडला. तिने तुकडा चहात बुडवला, खाल्ला आणि एकदम माहेरच्या बोलीत म्हणाली, "आयेन खाल्ली नसती हां."

"का? हातान मळलंय की!"

"पीठ कालचा ना? शिळा म्हणाली असती."

"आंबोळीचंही कालचंच असतं."

"ती आंबोळी गो," आई म्हणाली, आणि दुसरी पोई उचलली.